आवडलं का, हे विचारण्याआधी

विद्यार्थ्यांनी केलेला म्युझिक व्हिडिओ पुरा होण्याआधी प्रेक्षकांना दाखवू नये, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. मी माध्यमविद्येच्या वर्गाला शिकवते. पाच-सहा जणांचा गट, स्वतः बांधलेलं तीन-चार मिनिटांचं गाणं आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी मोबाइलचाच कॅमेरा, असा तो प्रकल्प असतो. अहवालात ‘प्रेक्षकांचा प्रतिसाद’ असं एक प्रकरण लागतं. ते सबमिशनच्या आदल्या आठवड्यात उरकलं तरी माझी हरकत नसे. मुलांच्या हातात लाइक्स मोजणारा फोन दिवसभर असतोच. निदान हे एक काम तरी त्यांनी लोकांच्या तोंडाकडे न बघता, आपल्या मनाचा कौल घेऊन करावं, असं मला वाटायचं.

या मताला मी एका चित्रपटाचा आधार घ्यायची. ऑर्सन वेल्सचा ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ मार्च १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे चाचणीच्या खेळात दाखवला गेला. वेल्स तेव्हा दुसऱ्या चित्रपटाच्या कामासाठी ब्राझीलमध्ये होता. प्रेक्षक कंटाळले, नको तिथे हसले, प्रतिसादाच्या कार्डांवर कडवट लिहून गेले. आरकेओ स्टुडिओने हाय खाल्ली, ४० मिनिटांहून अधिक भाग कापला, शेवट नव्याने चित्रित केला, आणि कापलेली फिल्म पुढे नष्टही करून टाकली. उरला तो ८८ मिनिटांचा चित्रपट. अर्ध्या वाटेवर लोकांना विचारलं की काय होतं ते बघा, असं मी वर्गाला बजावून सांगत असे.

हे मत हललं ते डब्याच्या गाण्यामुळे.

गावाकडून शहरात शिकायला आलेल्या मुलासाठी आई सकाळच्या एसटीने डबा धाडते, आणि मुलगा स्टँडवर येऊन तो घेऊन जातो. आपल्याकडे कितीतरी जणांचं शिक्षण या डब्यांवर झालं आहे. एका गटाने त्यावर गाणं केलं. शेवटच्या कडव्याआधी ढोलकी थांबते, आवाज पूर्ण बंद होतो, आणि फडक्याची गाठ तशीच असलेला डबा परत आईच्या हातात येतो. त्यानंतर दहाएक सेकंदांनी मुलगा दारात उभा दिसतो. गटाच्या मनात आनंदाची गोष्ट होती. मुलाला नोकरी लागली, आता डब्याची गरज उरली नाही, त्याच गाडीने तो घरी आला. मीही तेच पाहिलं, कारण पटकथा माझ्या हातून गेली होती.

गटातल्या एका मुलीने हट्ट धरला, की कच्चा कट बाहेरच्या माणसांना दाखवूया. मी नाखुशीने हो म्हटलं. हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींनी लाटणं बाजूला ठेवून तो फोनवर पाहिला. मुलीने एवढंच विचारलं, “मावशी, काय झालं ते सांगाल?”

“काय व्हायचं बाई, पोरगं गेलं ना तिचं.”

“पण तो शेवटी येतो ना दारात?”

“तो तिला दिसतो गं. डोळ्यांपुढं येतोच की.”

मग आम्ही स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्यांना विचारून विचारून दाखवला. वयस्क माणसांना जवळजवळ एकमुखाने मृत्यूच दिसला. कॉलेजच्या मुलांना त्यात भांडण दिसलं. पोरगा घरच्या जेवणाला कंटाळला, हॉटेलात खायला लागला, मग पश्चात्ताप होऊन परत आला. नोकरी कुणालाच दिसली नाही.

स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेला सिद्धान्त मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. करणारा एक अर्थ घालतो, आणि बघणारा आपल्या जगण्यातून त्याचा अर्थ लावतो. दोन्ही जुळतीलच असं नाही. परीक्षेत यावर चांगली उत्तरंही येतात. त्या दिवशी मात्र स्टँडच्या बाकावर तो सिद्धान्त आमच्या शेजारी येऊन बसला होता. डबा न उघडता परत येणं म्हणजे काय, हे मावशींना जगण्यातून ठाऊक होतं. त्यावर शांततेची भर पडली, आणि मुलगा दारात येईपर्यंत अर्थ पक्का होऊन बसला. एकदा तो बसला की पुढचा जिवंत मुलगासुद्धा आठवणीतलाच वाटतो.

गटाने खूप विचार केला. पाटी दाखवा, संवाद घाला, गाण्यात ‘नोकरी’ हा शब्द आणा, अशा सूचना बघणाऱ्यांकडूनच आल्या होत्या. त्यातली एकही त्यांनी घेतली नाही. त्यांनी एकच नवा शॉट घेतला: धावत्या एसटीत मांडीवर तोच डबा, त्यावर मुलाचा हात, आणि गळ्यातून लोंबणारं कंपनीचं ओळखपत्र. तो शांततेच्या अलीकडे टाकला. शांतता तशीच ठेवली. पुन्हा नव्या माणसांना दाखवलं तेव्हा डबा आईच्या हातात येताना त्यांच्या चेहऱ्यावर धाकधूक होती, आणि मुलगा दिसताच ती ओसरलेली मी स्वतः पाहिली.

त्यानंतर पोमोनाची हकीकत मी पुन्हा वाचायला घेतली. तिथे चित्रपट ‘द फ्लीट्स इन’ या हलक्याफुलक्या संगीतपटानंतर दाखवला होता. नाचगाण्यांत रमलेल्या लोकांपुढे एका घराण्याच्या ऱ्हासाची कथा ठेवली गेली. तरीही काही कार्डांवर मनापासून स्तुती होती. दोनच दिवसांनी पॅसाडेना इथे तोच चित्रपट, थोड्या फरकाने, दाखवला तेव्हा प्रतिसाद बराच चांगला आला. हा भाग मी वर्गात कधी सांगितला नव्हता. प्रेक्षकांनी आपल्याला काय वाटलं ते लिहिलं. कात्री चालवायचा निर्णय स्टुडिओचा होता. पोमोनाच्या प्रेक्षकांवर मी ठेवलेला ठपका आता मागे घेते.

आमची पद्धत पार बदलली आहे. पूर्वी मुलं गूगल फॉर्म पाठवायची. भरणारे मित्र आणि नातेवाईक. पाचपैकी चार तारे, ‘मस्त’, ‘एडिटिंग छान’. त्या उत्तरांनी एक कटही इकडचा तिकडे होत नव्हता. आता आधी काही सांगायचं नाही. विषय नाही, कथा नाही, किती कष्ट घेतले तेही नाही. व्हिडिओ फोनच्याच स्पीकरवर लावायचा, कारण लोक तसाच बघणार. करणाऱ्याने पडद्याकडे न बघता बघणाऱ्याकडे बघायचं: नजर कुठे हटली, हात कधी खिशात गेला. पहिला प्रश्न, काय घडलं? उत्तर त्याच शब्दांत टिपून घ्यायचं, सुधारायचं नाही, वाद घालायचा नाही. ‘आवडलं का’ हे अगदी शेवटी. काहींना आवाज बंद करून दाखवायचं. गाण्याच्या आधाराशिवाय चित्रं कितपत उभी राहतात ते तेव्हाच कळतं. यूट्यूबचा आलेख प्रेक्षक कुठल्या सेकंदाला निघून गेले ते दाखवतो, पण का गेले हे त्याला सांगता येत नाही.

आपल्या नाटकवाल्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. रंगीत तालमीला माणसं बोलावतात, पहिल्या प्रयोगानंतर विंगेत चर्चा होते, दुसऱ्या प्रयोगाला वाक्य बदललेलं असतं. व्हिडिओला दुसरा प्रयोग नसतो. यूट्यूबवर चढवल्यावर फार तर थोडा भाग कापता येतो. त्याच दुव्यावर नवा कट ठेवता येत नाही. म्हणून जे विचारायचं ते आधीच विचारून घ्यायला हवं, आणि प्रकल्पात ते शेवटच्या आठवड्यात ठेवणं मला आता पटत नाही.

माझी जुनी भीती पूर्ण गेली आहे असं मात्र मी म्हणणार नाही. प्रत्येकाचं ऐकून प्रत्येक कोपरा घासून गुळगुळीत केलेले व्हिडिओही माझ्यासमोर आले आहेत, आणि त्यात करणाऱ्याचा आवाज शोधून सापडत नाही. बघणाऱ्याला काय दिसलं, याबाबत त्याचा शब्द मी अखेरचा मानते. मग काय करावं, हे ठरवायचा हक्क एडिटला बसलेल्या मुलांचाच. यंदा एका गटाने अख्खं गाणं एकाच अखंड शॉटमध्ये घेतलंय. बहुतेकांनी ‘मध्ये रेंगाळतं’ असं सांगितलं. गट म्हणतो, रेंगाळायलाच हवं, ते गाणं वाट बघण्याचं आहे. मी त्यांच्या बाजूने आहे, मात्र लोकांचे ते शब्द अहवालात जसेच्या तसे लिहा, असं मी त्यांना सांगितलं आहे.