भंगार आणि भांगर

आमच्या घरात मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषा सुखाने नांदतात. मराठीत ‘भंगार’ म्हणजे मोडीत काढलेला माल आणि कोंकणीत ‘भांगर’ म्हणजे सोने. काना एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकला की मोडीचे सोने होते! ‘गुजरी’ या शब्दाची तऱ्हाही अशीच. कोल्हापुरात गुजरी म्हटली की सराफांची पेठ. गुजरातेत मात्र गुजरी म्हणजे जुन्यापुराण्या वस्तूंचा आठवडी बाजार. या दुसऱ्या गुजरीविषयी चार शब्द लिहावेत, असे पुष्कळ दिवस मनात होते.

गुजरातेतील शहरांनी या बाजारासाठी जणू वार वाटून घेतले आहेत. अहमदाबादेची रविवारी सुलतान अहमदशहाच्या काळी, 1414 साली सुरू झाली अशी परंपरा सांगतात. साबरमतीचा काठ बांधून काढल्यावर 2014 मध्ये तिला त्याच काठावर नवी जागा मिळाली. बडोद्याची शुक्रवारी प्रसिद्धच आहे. सुरतेची ती शनिवारी. चौकबाजाराच्या बाजूस ती वर्षानुवर्षे भरत आली. नवीन जरीवस्त्रांसाठी ज्या सुरतेची कीर्ती, त्याच सुरतेत फाटक्या गोणपाटावर मांडलेल्या जुन्या कढया, कुलुपे, पंखे, शिवणयंत्रे आणि पोरांची पाठ्यपुस्तके पाहत हिंडण्यात आम्हांस तीस वर्षे आनंद वाटत आला आहे.

परंतु आमचा तो विरंगुळा, तर इतर कित्येकांची ती गरज, हे विसरून चालणार नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागांवर राबणारी हजारो कुटुंबे राहतात; कोणी जळगाव-धुळ्याकडील, कोणी ओडिशातील. गाव सोडून आलेल्या माणसाचा पहिला संसार नव्या भांड्यांचा नसतो. 2006 च्या ऑगस्टमध्ये तापीच्या महापुराने शहराचा फार मोठा भाग बुडविला, तेव्हा तर उभे संसार चिखलात गेले. अशा वेळी जुन्या बाजारातील कढई ही हौसेची वस्तू राहत नाही.

अलीकडे या बाजाराची पहाट बदलली आहे. गिऱ्हाईक यावयाच्या आधी, अंधारातच, हातात विजेरी घेऊन काही मंडळी हजर होतात. गोणी सुटण्यापूर्वीच तिच्यातील चांगला माल निवडला जातो. वस्तूचे छायाचित्र मोबाईलवरून दूरच्या व्यापाऱ्याकडे जाते, भाव ठरतो, आणि उजाडेपर्यंत बाजारात उरतो तो त्यांनी नाकारलेला गाळ. एका शनिवारी एक खानदेशी बाई आमच्या शेजारी उभी राहून विचारीत होती, “भाऊ, ते शिवणाचं मशीन गेलं का?” विक्रेता मान वर न करता म्हणाला, “सवारमां ज गयुं, बेन.” बाईने पदराला बांधलेल्या पैशांची गाठ चाचपली आणि ती पुढे गेली. त्या यंत्रावर ती पोलकी शिवणार होती. आता ते कदाचित एखाद्या उपाहारगृहात शोभेचे मेज होऊन बसेल.

म्हणून फेरविक्री करणारा तेवढा दुष्ट, असे म्हणणे सोपे आहे. न्याय्य मात्र नाही. आपल्या दारी येणारी बोहारीण काय करते? जुन्या लुगड्यांवर नवे भांडे देते, ती लुगडी धुऊन, सांधून विकते आणि त्यावर पोट भरते. पंख्याची गुंडाळी बदलणारा, घासलेट स्टोव्हला नवा वायसर घालणारा, पितळेला कल्हई करणारा, हे सारे घेऊन विकणारेच. परंतु ते वस्तूत स्वतःचे श्रम घालतात आणि मोडलेले चालते करतात. जो काहीच करीत नाही, केवळ आधी पोहोचतो आणि गरजवंताच्या व वस्तूच्या मध्ये उभा राहतो, त्याचे काय, हाच खरा प्रश्न आहे.

प्रश्न जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौथ्या अधिकरणात, जुन्या मालाची विक्री मालकी सिद्ध करणाऱ्यासच करू द्यावी, असे सांगितले आहे. व्यापाऱ्याचा नफाही स्वदेशी मालावर शेकडा 5 आणि परदेशी मालावर शेकडा 10 असा बांधून दिला आहे. इंग्लंडात एका बाजारात घेतलेला माल तेथेच किंवा जवळच्या बाजारात चढ्या भावाने विकणे शतकानुशतके गुन्हा होता. ते निर्बंध 1844 मध्ये पूर्णपणे रद्द झाले. कायद्याने हे आवरत नाही, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. अंधारात होणाऱ्या सौद्यावर पहारा कोण ठेवणार?

उरतो तो आपला आचार. हा माल शेवटी आपल्याच घरांतून बाहेर पडतो. वाडा पडतो, बिऱ्हाड सदनिकेत जाते, आणि आजीची समई, ताम्हन, पळी-पंचपात्र वजनावर मोडीत निघते. तांब्या-पितळेच्या शुद्धीस मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात क्षार, आम्ल आणि पाणी एवढेच पुरेसे मानले आहे. म्हणजे दुसऱ्याच्या घरची समई चिंचेने घासून आपल्या देवापुढे लावण्यास अडचण नाही. मग ती वजनावर का जावी? वर्षातून एखादा रविवार देवस्थानच्या सभागृहात घरोघरची सुस्थितीतील भांडी, शिवणयंत्रे, पुस्तके मांडावीत, किंमत नाममात्र असावी, आणि एका कुटुंबास एका प्रकारची एकच वस्तू द्यावी. फुकट मात्र देऊ नये. विकत घेणाऱ्याची मान ताठ राहते.

आमच्यापुरता आम्ही एक नेम केला आहे. शनिवारी आम्ही उन्हे चढल्यावरच जातो. ज्यांना कढई हवी त्यांचे घेऊन झालेले असते; आमच्या वाट्याला एखादे जुने पंचांग, बिनकिल्लीचे कुलूप किंवा नुसतेच हिंडणे येते. तेवढे आम्हांस पुरते.