चिकाचा थेंब आणि उसाचा रिफ्रॅक्टोमीटर

गाईच्या रक्तातली प्रतिद्रव्ये वारेतून गर्भापर्यंत पोचत नाहीत. माणसाचे मूल ही शिदोरी पोटातूनच घेऊन येते. वासराची सगळी भिस्त चिकावर. चिकातली प्रतिद्रव्ये आतड्यातून जशीच्या तशी रक्तात शिरतात, पण ती पहिल्या काही तासांत. २४ तासांत ही वाट बंद होते. दोन-तीन दिवसांच्या वासराच्या रक्तात ती किती आहेत, यावरून जुलाब-न्यूमोनियापुढे ते कितपत तग धरेल हे कळते.

प्रयोगशाळेत प्रतिद्रव्ये थेट मोजतात. गोठ्यात मात्र अहिल्यानगरच्या ऊसपट्ट्याला ओळखीचे साधन चालते: तोडणीआधी उसाचा ब्रिक्स पाहायचा रिफ्रॅक्टोमीटर. द्रवात विरघळलेल्या पदार्थांमुळे प्रकाश किती वाकतो, एवढेच तो दाखवतो. रक्तजलात हे पदार्थ मुख्यतः प्रथिने असतात, आणि नवजात वासरात त्यांचे प्रमाण चिकातून मिळालेल्या प्रतिद्रव्यांनुसार कमी-जास्त होते.

प्रवरेकाठी, लेखकाच्या घरच्या गोठ्यात संकरित गाय पहाटे तीनला व्यायली. वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, ही घरातली जुनी समजूत. वार पडली दुपारी. चीक उत्तम होता. २२ ब्रिक्सला चांगला म्हणतात, हा २५ भरला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कालवडीच्या मानेच्या शिरेतून रक्त घेतले, नळी तिरकी ठेवली आणि गुठळीवर सुटलेल्या पिवळसर पाण्याचा थेंब काचेवर टाकला. निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा ७.२ वर थांबली. निदान ८.४ हवी. पाचव्या दिवशी जुलाब लागले. कालवड सलाइनवर कशीबशी वाचली.

वारेची वाट पाहण्यात काहीच साधत नाही. उलट वासरू लुचले की गर्भाशय आकुंचन पावते. खरवसासाठी चीक शेजारीपाजारी वाटण्याची रीत प्रेमाची आहे, पण पहिली धार वासराचीच. पुढच्या वेताला अर्ध्या तासात चीक पाजला, ३० किलोच्या वासराला सुमारे तीन लिटर. आकडा ९.१ आला.

ही तपासणी पहिल्या आठवड्यातच आणि वासरू ठणठणीत असताना करावी. जुलाबाने अंगातले पाणी कमी झाले की रक्तजल दाट होते आणि आकडा फसवा चढतो. आईकडून आलेली प्रतिद्रव्ये पुढे काही महिन्यांत ओसरतात. तोवर ती लशीलाही आडवी येतात, म्हणून लाळ-खुरकुताची पहिली लस चौथ्या महिन्यानंतर आणि बूस्टर त्यानंतर महिन्याभराने देतात.