खाली कोण उभं राहणार?

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या आठवीच्या मुली माझ्या मराठीच्या तासाला सहसा उर्दूतच कुजबुजतात. काही मागायचं असलं की मात्र मराठी एकदम शुद्ध होतं. "मिस, सव्वीस जानेवारीला आम्हांला चिअरलीडिंग करायचं आहे."

मी "नाही" म्हणाले. विचार न करताच.

डोळ्यांसमोर 2008 सालचं आयपीएल आलं होतं. सीमारेषेजवळ नाचणाऱ्या त्या परदेशी मुली आणि त्यांचे तोकडे कपडे. तेव्हा महाराष्ट्रातही त्यावर वाद झाला. आमच्या शहाडमध्ये तर मशिदीबाहेरचे बुजुर्ग आणि बिर्ला मंदिराजवळचे काका यांचं त्या एका बाबतीत एकमत झालं होतं. असं क्वचित होतं.

घरी येऊन वाचायला बसले आणि जरा ओशाळले. हा प्रकार 1898 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात सुरू झाला. मैदानात उतरून प्रेक्षकांकडून घोषणा वदवून घेणारा पहिला चिअरलीडर जॉनी कॅम्पबेल, म्हणजे मुलगा! मुली पुढे 1920 च्या दशकात आल्या. आज त्याच्या स्वतंत्र स्पर्धा होतात. उड्या, कोलांट्या, मनोरे, सगळ्याला गुण. 2021 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. (ऑलिंपिकमध्ये तो अजून खेळला जात नाही, ही गोष्ट वेगळी.) सीमारेषेवरचा नाच ही त्याची एक फांदी. मी फांदीलाच झाड समजून बसले होते.

मुलींना हो म्हटलं. दोन दिवसांनी एकीचे अब्बू आले. उल्हासनगरात जीन्स शिवण्याच्या कारखान्यात काम करतात. त्यांनी तीन प्रश्न विचारले. कपडे कोणते? शाळेचाच सलवार-कमीज. स्कार्फ गाठीचा, पिन एकही नाही, टोचते. बघायला कोण? पालक आणि शिक्षक. मग ते हळूच म्हणाले, "और गिरी तो पकड़ेगा कौन, मिस?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आपल्याकडे मनोरे नवे नाहीत. ठाण्यात 2012 साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून विश्वविक्रम केला. 2022 मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. पण दरवर्षी गोविंदा पडतात, हातपाय मोडतात, जीवही जातात. 2017 साली सरकारला उच्च न्यायालयात सांगावं लागलं की चौदा वर्षांखालच्या मुलांना मनोऱ्यावर चढू देणार नाही. आणि माझी वर चढणारी मुलगी तेरा वर्षांची!

म्हणून ठरवलं, खांद्यावर कोणी उभं राहायचं नाही. खालच्या दोघींनी गुडघे वाकवायचे, वरचीने त्यांच्या मांड्यांवर पाय द्यायचे. मागे एकजण फक्त पकडण्यासाठी. तिने प्रेक्षकांकडे बघायचंच नाही. मुली हिरमुसल्या. व्हिडिओतल्या मुली हवेत उडतात ना!

राहिला प्रश्न गाद्यांचा. शाळेत विचारलं तर बजेट नाही. दुसऱ्या दिवशी फाटकाशी रिक्षा थांबली आणि त्याच अब्बूंनी जीन्सच्या कात्रणांच्या चार गोण्या उतरवल्या. जाड कापडाच्या खोळी त्यांनीच शिवून आणल्या होत्या. मधल्या सुट्टीत मुलींनी कात्रणं ठासून भरली.

खाली कोण उभं राहणार, हे ठरवताना वर्गातली सगळ्यात धिप्पाड मुलगी कोपऱ्यात बसून होती. लंगडीत तिला कोणी घेत नाही, नाचात शेवटच्या रांगेत ठेवतात. आम्हीच ठेवतो, खोटं कशाला बोलू? तिला बोलावलं. ती जमिनीवर पाय रोवून अशी उभी राहिली की वरची मुलगी म्हणाली, "मिस, मुझे यही चाहिए. बाक़ी सब हिलती हैं."

सव्वीस जानेवारीला मनोरा जेमतेम दहा सेकंद टिकला. टाळ्या वरचीला मिळाल्या. खालचीचा चेहरा मला दिसत होता. घामाने डबडबलेला, ओठ घट्ट मिटलेले, मनातल्या मनात आकडे मोजणारा.

गाद्या अजून पीटीच्या खोलीत आहेत. कुठे उसवल्या की निळ्या चिंध्या बाहेर येतात. मग त्या मुलीच सुई-दोरा मागायला येतात, शुद्ध मराठीत.