दात भरला, पण हिरडीला मानवला का?

मी दंतवैद्य नाही. तरीही रक्तदाब तपासून झाला की पुष्कळ ज्येष्ठ रुग्ण मला हळूच विचारतात, "डॉक्टर, दातात भरलेले सिमेंट अंगाला बाधणार तर नाही ना?"

उतारवयात हा प्रश्न रास्तच आहे. हिरड्या मागे सरतात, दाताचे मूळ उघडे पडते, काही औषधांनी तोंड कोरडे राहते आणि कीड हिरडीच्या काठाशी लागते. तेथे भरलेल्या पदार्थाचा शेजार जिवंत पेशींशी असतो. हिरडीला बळकटी देणाऱ्या तंतुपेशी तेथे असतात. त्याखाली मूळ आणि हाड यांच्यामधले, जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचे तंतूंचे अस्तर दात धरून ठेवते.

म्हणूनच प्रयोगशाळेत मानवी तंतुपेशी वाढवून त्यांच्या सान्निध्यात हे पदार्थ तपासतात. पेशी जगतात का, पदार्थाला चिकटतात का, वाढतात का, हे पाहिले जाते. दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. प्रकाश अपुरा पडला तर न जुळलेले रेणू झिरपून पेशींना इजा करू शकतात. लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी विकसित केलेले ग्लास आयोनोमर ताजे असताना आम्लधर्मी असते. पण ते दाताला चिकटते, फ्लोराइड सोडते, म्हणून मुळावरच्या किडीसाठी उपयोगी पडते. मुळाला पडलेले छिद्र बुजवण्यासाठी १९९० च्या दशकात आलेल्या 'एमटीए'वर तर तंतुपेशी चिकटून वाढताना आढळल्या आहेत. थोडक्यात, पदार्थाच्या नावाइतकेच तो नीट घट्ट होण्याला महत्त्व आहे.

माझ्या रुग्ण असलेल्या एका आजींनी मोबाइलवरचा निरोप वाचून दातांतली सगळी चांदी काढून टाकण्याचा हट्ट धरला होता. त्या चांदीत निम्म्याच्या आसपास पारा असतो, हे खरे. युरोपीय संघाने २०२५ पासून अपवाद वगळता तिचा वापर थांबवला, हेही खरे. परंतु जुनी चांदी खरवडताना पाऱ्याची वाफ अधिक सुटते; म्हणून सुस्थितीतली चांदी विनाकारण काढू नये, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये सांगितले आहे. मी आजींना दंतवैद्यांकडे पाठवले. एकाच दातातली चांदी कडेला फुटली होती, तेवढीच बदलली. बाकीच्या दातांनी आजी आजही भाकरी चावतात.

घरातल्या ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा उजेडात त्यांच्या हिरड्या पाहाव्यात. भरलेल्या दाताभोवती लाली, सूज किंवा रक्त दिसले, कडा जिभेला खरखरीत लागली, घास अडकू लागला, तर विलंब करू नये. खरखरीत कडेवर जंतूंचा थर साचतो आणि उत्तम पदार्थही हिरडीला जाचक ठरतो. दात भरण्यापूर्वी ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार आणि चालू औषधे दंतवैद्यांना अवश्य सांगावीत. हिरडीला तक्रार बोलून दाखवता येत नाही. ती आपणच वेळीच ओळखायला हवी.