खुर्द्याची गणती

पानिपतची वार्ता नानासाहेब पेशव्यांपर्यंत प्रथम पोचली ती सावकारी सांकेतिक भाषेत. १४ जानेवारी १७६१ रोजी पडलेले विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ त्या पत्रात मोती झाले होते, सरदार मोहरा. उरलेले रुपये आणि खुर्दा, ज्यांची गणतीच सोडून दिलेली. शोकाची प्रतवारी इतक्या उघडपणे क्वचितच लिहिली गेली असेल.

पुढील स्मृतीही याच प्रतवारीने चालली. भाऊंचा मृत्यू स्वीकारणे इतके जड गेले, की त्यांच्या नावाने तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन द्यावे लागले. बखरकारांनी दैव आणि दुही यांना बोल लावला, त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९६१ मध्ये भाऊंच्या धोरणाची बाजू मांडली. विश्वास पाटलांच्या १९८८ च्या कादंबरीने भाऊंना शोकनायक केले. आता पानिपतजवळच्या काला आंब येथे १४ जानेवारीला ‘शौर्यदिन’ पाळला जातो.

बोली मात्र बधलेली नाही. तिच्यात ‘पानिपत होणे’ म्हणजे आजही सर्वनाशच. (निवडणुकीच्या बातम्यांनी तो वाक्प्रचार पार झिजवला, ही गोष्ट वेगळी.)

छावणीत यात्रेकरू होते, बुणगे होते, बायकामुले होती. शौर्याच्या भाषेत त्यांना जागा नाही, कारण ते लढले नाहीत. दोषाच्या भाषेत ते केवळ ओझे म्हणून येतात. हरियाणातील रोड समाजातील अनेकजण मात्र आपले मूळ त्या रणातून वाचलेल्यांमध्ये शोधतात. पुराव्याच्या अंगाने हा दावा वादग्रस्त आहे. परंतु खुर्द्याच्या वतीने वारसा सांगायला पुढे आले ते हेच.