नकाशावरचा हिरवा रंग

बेळगावहून लग्न होऊन मी सुरतेला आले, त्याला आता २८ वर्षे झाली. इथे लग्नाची हौस मोठी. हल्ली लग्नाआधीचे चित्रीकरण आणि त्यात ड्रोन हवाच! नोकरीसाठी आमच्याकडे राहणाऱ्या भाचीचे लग्न धारवाडच्या घरात ठरले आणि तिने वांसदा राष्ट्रीय उद्यानाचा हट्ट धरला. नवसारी जिल्ह्यातले हे जंगल जेमतेम २४ चौरस किलोमीटरचे.

"मासी, नकाशात हिरवा रंग असला की परवानगी लागत नाही," छायाचित्रकार म्हणाला.

त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. पण तो नियम विमान वाहतुकीचा. खाली रान आहे, आणि तिथे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा चालतो. उद्यानात पाऊल ठेवायलाच वनखात्याचा परवाना लागतो, फोटो काढण्यासाठीही. २०२२च्या दुरुस्तीने चित्रपटनिर्मितीचा उल्लेख आला, पण अधिवासाला आणि प्राण्यांना धक्का लागणार नाही या अटीवर.

"पाच मिनिटं उडवलं तर काय बिघडतं गं मावशी?" भाचीचे डोळे भरून आले. कायदा सांगून तिची समजूत पटेना. विषय फोनवर धारवाडला पोचला.

विहीणबाईंचे माहेर दांडेलीचे. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं मंगट्टे हक्की आहे की, तुमचा धनेश. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. कित्येक आठवडे नर तिला फळं आणून भरवतो. वरनं काही घोंघावलं आणि तो बिचकून परतला, तर आतल्या आई-पिल्लांनी खायचं काय? हक्कीगे त्रास ब्याड री!"

भाची गप्प झाली. मग म्हणाली, "आई, मला ते झाड लांबूनच दाखवाल?" होणाऱ्या सासूला तिने पहिल्यांदाच 'आई' म्हटले. चित्रीकरण नात्यातल्यांच्या आमराईत, साध्या कॅमेऱ्यानेच झाले.

आपल्या भागात दांडेली, भीमगड, राधानगरी हाकेच्या अंतरावर आहेत आणि घरोघरी लग्ने ठरताहेत. छायाचित्रकाराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी वनखात्याच्या कार्यालयात एकदा विचारून यावे, एवढेच सांगणे.