पहाऱ्याची यादी

माझ्या आजोळी श्रावणात सप्ताह बसतो. गाव परभणी जिल्ह्यातलं, गोदाकाठचं. नदीला तिथं सगळे गंगाच म्हणतात. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. सात दिवस हे चालतं आणि तेवढ्या काळात मंडपातली वीणा एकदाही खाली टेकत नाही. पाऊस येवो, वीज जावो, मंडप रिकामा होवो, ती कुणाच्या तरी गळ्यात असणार आणि तो माणूस उभा असणार. दोन तास झाले की पुढचा येतो. वीणा देताना-घेताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात. तिथं वय पाहायचं नाही, जात पाहायची नाही, कुणी कुणाचं देणं लागतो तेही पाहायचं नाही. याला पहारा म्हणतात. पहाऱ्याची यादी करायचं काम मला आठवतं तेव्हापासून नानांकडे आहे.

नाना नात्यानं आईचे चुलतभाऊ, म्हणजे माझे मामाच. पण सगळा गाव नाना म्हणतो म्हणून मीही म्हणतो. त्यांनी मला पोहायला शिकवलं, कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी फीचे पैसे कमी पडले तेव्हा गहू विकून दिले, ही देणी आहेतच. पैसे मी नंतर परत केले, त्यांनी मोजून घेतले. मी लिहायला बसलोय ते मात्र त्या यादीच्या ऋणाबद्दल, कारण ते फिटण्यातलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. नाना राजकारणापासून अलिप्त असलेले साधुपुरुष मुळीच नाहीत. गळ्यात माळ आहे, एकादशी चुकत नाही, पण ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत प्रत्येक निवडणुकीत ते कुणाच्या तरी बाजूनं घसा बसेपर्यंत बोलतात. 2016 साली मराठा क्रांती मोर्चे निघाले तेव्हा ते परभणीला गेले होते आणि आरक्षणाचा विषय निघाला की आजही ताठ होऊन बसतात. देवाच्या दारी राजकारण नको, ते बाहेर ठेवा, असं कुणी शहाणपणानं म्हटलं की नाना चिडतात. "बाहेर कुठं ठेवायचं? चपलेवाणी? परत येईस्तोवर दुसराच कुणी घालून जातो."

मला हे कळायला 2022 ची वारी व्हावी लागली. करोनामुळे 2020 आणि 2021 ला माऊलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. दोन वर्षं अडवून धरलेली माणसं त्या जूनमध्ये आळंदीला लोटली. नानांच्या दिंडीबरोबर मीही निघालो. पुण्यातल्या वर्तमानपत्राच्या कचेरीतून रजा घेतली ती बातम्यांपासून सुटका म्हणून, आणि प्रस्थान झालं 21 जूनला! आदल्या दिवशी विधान परिषदेचं मतदान झालं होतं, रात्रीतून एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला पोचले होते. इकडे इंद्रायणीकाठी टाळ वाजत होते आणि दर दहा पावलांवर एकेक जण मोबाईलवर वाकलेला. सुरतेहून मंडळी गुवाहाटीला गेली. आम्ही दिवे घाट चढलो.

आमच्या दिंडीत दोन्ही शिवसेना होत्या, दोन्ही काँग्रेस होत्या, भाजप होता, कशातच नसलेलेही होते. दुपारच्या विसाव्याला वाद पेटायचे. माझा सख्खा मामेभाऊ आणि मी एका तंबूत झोपत होतो. सासवडपर्यंत आमचं बोलणं 'सरक' आणि 'टॉर्च दे' एवढ्यावर आलं होतं. एका संध्याकाळी तर कुणीतरी कुणाची वळकटी सामानाच्या ट्रकमधून खाली काढून ठेवली. नानांनी ती उचलून परत चढवली आणि मला म्हणाले, "चल, आज समाजआरती नीट बघ."

माऊलींच्या पालखी सोहळ्याला हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात लष्करासारखी शिस्त लावली. सोहळ्याचे अश्व अजूनही अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. दिंड्यांचे क्रमांक, रथापुढे कोण, रथामागे कोण, सगळं ठरलेलं. या शिस्तीतला सर्वांत हुशार भाग मला समाजआरती वाटतो. मुक्कामाच्या तळावर पालखी आली की दिंड्या भोवती उभ्या राहतात, हजारो टाळांचा नुसता कल्लोळ असतो. चोपदार दंड उंचावून 'होऽऽ' अशी आरोळी देतात. क्षणात सगळे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर तिनं थांबायचं नाही. तिनं टाळ वाजवतच राहायचं. एवढ्या शांततेत तो आवाज लपत नाही. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, पाण्याचा टँकर आला नाही, चालताना कुणी क्रम मोडला, जे काही असेल ते ऐकून घेतात आणि निवाडा होतो. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात. मग आरती. तक्रार आरतीच्या आधी, सगळ्यांच्या देखत, देवाच्या समोर.

नानांनी त्यावर काहीही निरूपण केलं नाही. परत येताना एवढंच म्हणाले, "ज्याला बोलायचंय त्यानं वाजवावं की. वळकटी कशाला फेकायची?"

पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली, तेव्हा मुख्यमंत्र्यांचा राजीनामा झाला. दुसऱ्या दिवशी नवे मुख्यमंत्री आले. आषाढीची शासकीय महापूजा कोण करणार यावर दिंडीत पैजा लागल्या होत्या, त्या 10 जुलैला पहाटे मिटल्या. नानांचा जीव त्या बातम्यांत नव्हता असं मी म्हणणार नाही. सरकार पडलं त्या रात्री ते जेवले नाहीत. पण सकाळी वीणा घेतली, आणि तासाभरानं ती ज्याच्या गळ्यात घातली तो आमचा मृदंगी अप्पा आदल्या रात्री पेढे शोधत फिरत होता. दोघं रीतीप्रमाणे एकमेकांच्या पाया पडले. त्यात नाटक नव्हतं आणि दिलजमाईही नव्हती. पुढच्याच विसाव्याला दोघांची पुन्हा जुंपली.

वारीचं असं कौतुक करताना हात आखडतो, हेही लिहिलं पाहिजे. सगळे माऊली, सगळे सारखे, हे गोड बोलणं फार जणांनी फार सोयीनं वापरलं आहे. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि 'वाटचाल' लिहून गेल्या, तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या पंगती वेगळ्या बसतात हे त्यांना सलत होतं. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना महिनोन्महिने महाराष्ट्र पिंजून काढावा लागला आणि शेवटी मे 1947 मध्ये तनपुरे महाराजांच्या मठात प्राण पणाला लावून उपोषणाला बसावं लागलं. विरोधात माळकरीही होते. नुसत्या पाया पडण्यानं दार उघडलं नव्हतं. मी हे नानांना सुनावलं, थोडं चढ्या आवाजातच. ते म्हणाले, "बरोबर आहे. गुरुजी टाळ वाजवत राहिले. पण दिंडी सोडून गेले का?" मला उत्तर देता आलं नाही, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. ज्याला दिंडीतच घेतलं नव्हतं त्यानं टाळ कुठं वाजवायचा, हा माझा प्रश्न तसाच आहे.

खरी कसोटी पुढं आली. 1 सप्टेंबर 2023 ला जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीत मनोज जरांगेंच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि आमच्याकडची हवाच बदलली. मराठ्यांना कुणबी दाखले द्यावेत ही एक मागणी, ओबीसींच्या ताटातलं जाऊ नये ही दुसरी. जून 2024 मध्ये त्याच अंबड तालुक्यात, वडीगोद्रीला, लक्ष्मण हाके ओबीसींच्या बाजूनं उपोषणाला बसले. मधे लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती. पक्षांची भांडणं गावानं पचवली होती. हे वेगळं होतं. कुणाच्या टपरीवर चहा घ्यायचा, कुणाच्या दुकानातून खत आणायचं, कुणाच्या लग्नाला जायचं, हे आडनाव बघून ठरू लागलं. नाना मराठा. अप्पा माळी. पोरांच्या मोबाईलवरच्या स्टेटसांनी उरलंसुरलं संपवलं.

त्या श्रावणात दोन सप्ताह बसवायची भाषा सुरू झाली. दुसरा मंडप, दुसरी वर्गणी, आपापला कीर्तनकार. नानांनी बैठक घेतली नाही, ऐक्याचं भाषण केलं नाही. ते पहाऱ्याची यादी घेऊन बसले. मी शेजारी होतो. एरवी यादीत माणसाची सोय बघतात: म्हाताऱ्यांना दिवसा, पोरांना रात्री, दूधवाल्याला पहाट सोडून. त्या वर्षी नानांनी आधी भांडणं आठवून घेतली. बांधावरून कोर्टात गेलेले दोघे, ग्रामपंचायतीला समोरासमोर उभे राहिलेले दोघे, स्टेटसवरून हातघाईवर आलेली दोन पोरं. प्रत्येक जोडी एकापुढं एक लिहिली, आणि बरीचशी मध्यरात्रीनंतर, जेव्हा मंडपात बघायला कुणी नसतं. मी म्हणालो, नाना, यानं कुणाचं मत बदलणार आहे का? "मत बदला असं कुणी म्हटलंय? पहारा बदला म्हणतोय."

ती दोन पोरं आली ती वेळ मी जागा राहून पाहिली. रात्रीचे दोन वाजले होते. एकानं दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घातली, मान फिरवली आणि निघून गेला. पाया पडला नाही. घेणारा वाकायला लागला होता, तो अर्ध्यातच सरळ झाला आणि तारेवर बोट ठेवून उभा राहिला. खांबाला टेकून बसलेल्या नानांनी हे बघितलं. काही बोलले नाहीत. सकाळी मी विषय काढला तर म्हणाले, "वीणा टेकली नाही ना?" त्या पोरांचं पुढंही जमलं नाही. पण दुसरा मंडपही पडला नाही.

चौथ्या दिवशीच्या कीर्तनात महाराज आरक्षणावर घसरले. मराठ्यांची बाजू, टाळ्या घेणारी. अर्धा मंडप खूश, अर्धा ताठ. अप्पांनी मृदंगावरचा हात काढून घेतला. महाराज बोलत होते ते शब्द न् शब्द नानांच्या मनातलं होतं, मला माहीत होतं. तरी ते उठून कीर्तनात पुढं गेले, महाराजांच्या पाया पडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "महाराज, हा माझा आवडता विषय. उद्या चौकात सभा लावतो, तिथं बोला, मी पहिल्या रांगेत बसतो. इथं अभंग घ्या." महाराजांचा चेहरा पडला. पण अभंग घेतला. मृदंग सुरू झाला. नानांना त्याबद्दल त्यांच्याच माणसांनी बरेच दिवस बोल लावले, आणि समोरच्यांनी काही आभार मानले नाहीत.

मी देवभोळा नाही. माझं लिहिण्याचं काम असं, की रोज कुणाला तरी चूक ठरवावं लागतं, आणि हे काम करता करता माणसंच टाकून देण्याची सवय लागते. ती मला पुरती लागली नाही याचं कारण ती यादी. समोरच्याचा मुद्दा खोडायला बसलो की हल्ली मला वाटतं, रात्री दोन वाजता याच्या हातून वीणा घ्यायची आहे. मुद्दा खोडतोच. भाषा मात्र तेवढी सांभाळतो.

नानांचे गुडघे आता चालत नाहीत. वारी सुटली, दिंडीची वीणा अप्पांकडे गेली, आणि ते पंढरपूरहून फोन करून नानांना कळस दिसला का ते सांगतात. यादी मात्र नानांनी सोडलेली नाही. परवा त्यांचा फोन आला. माझा पहारा पहाटे चार ते सहा. आधी मामेभाऊ, नंतर अशा एका गृहस्थाचं नाव, ज्यांचे मेसेज मी न वाचताच पुसून टाकतो. मी काही बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "आन् तुझा रविवारचा लेख वाचला. पार चुकला आहेस. येशील तेव्हा सांगतो. येताना विण्याच्या तारा घेऊन ये, इथं मिळतात त्या टिकत नाहीत."